आईची सुट्टी कोणत्या वारी?



काही दिवसांपूर्वी उत्तर नागपूरच्या एका वस्तीत आम्ही विहाराच्या पटांगणात महिलांसाठी रक्ततपासणीचे शिबिर घेतले. रविवार होता, सकाळी नऊची वेळ दिली होती. साडेनऊ झाले, दहा झाले, तरी बाया काही येईनात. मग आम्हीच घरोघर निघालो. कुणाचे धुणे भिजत पडले होते, कुणाचा नळ नुकताच आला होता, कुणी गव्हाचे दळण निवडत बसली होती. बहुतेक घरांतले पुरुष तेव्हा चौकात पेपर वाचत होते, किंवा आठवड्याची झोप पुरी करत होते. अकरा वाजता कुठे रांग लागली.

त्या रांगेत एक ताई होत्या. पाच घरची धुणीभांडी करतात. हिमोग्लोबिन निघाले ७.४. आम्ही विचारले, "ताई, छातीत धडधडत नाही का?"

"धडधडते ना. पण मले वाटलं, पाणी भरून राहिली म्हणून धडधडत असन."

"मग दवाखान्यात का नाही गेलात?"

"कवा जाऊ? दवाखान्याचा टाइम अन् माह्या कामाचा टाइम एकच."

"सुट्टीच्या दिवशी जायचे."

त्या हसल्या. म्हणाल्या, "सुट्टी कोणती? मालकिणीकडची का घरची? मालकिणीकडे महिन्याच्या दोन भेटतात. घरची सुट्टी कोणत्या वारी असते, ते तुम्हीच सांगा."

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा घेतलेल्या बायका. वॉर्डात वर्षे काढली, सुया टोचल्या, सलाईन लावल्या, शेकडो केसपेपर भरले. पण या प्रश्नाचे उत्तर आम्हाला कुठल्याच पुस्तकात शिकवले नव्हते. हा लेख त्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहे.

समतोल कुणाच्या खांद्यावर?

नोकरी, घर आणि मुले यांचा समतोल कसा साधावा, याचे सल्ले टीव्हीवर आणि मासिकांत भरपूर मिळतात. सकाळी लवकर उठा, कामांची यादी करा, स्वतःसाठी वेळ काढा, घरकामाला बाई ठेवा. भगिनींनो, ती घरकामाची बाई म्हणजे आपणच आहोत. फ्लॅटमधल्या कुटुंबाचा समतोल आपल्या वस्तीतल्या बाईच्या खांद्यावर उभा असतो. ती तिथले ओटे पुसते, तिथल्या मुलांचे डबे भरते, आणि दुपारी तीनला घरी येते तेव्हा तिची दुसरी पाळी सुरू होते. लवकर उठा, हा सल्ला तिला कोणत्या तोंडाने द्यायचा? ती पाचला उठलेलीच असते.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. कोण दिवसाचा किती वेळ कशात घालवतो, हे त्यात मोजले. बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या कामाला दिवसाची सरासरी २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे बाईचे पावणेपाच तासांहून जास्त आणि पुरुषाचा दीड तासही नाही. आणि ही ८८ मिनिटेसुद्धा घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे. जे हातच लावत नाहीत, ते या हिशोबात आलेलेच नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्याआधी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी गर्भवती कामगार स्त्रीला विश्रांती मिळावी म्हणून बाळंतपणाच्या रजेच्या बिलाला पाठिंबा दिला होता. माणसाच्या शरीराला विसावा हवा, तो कुणाच्या मेहरबानीने नव्हे तर हक्काने हवा, हे त्यामागचे तत्त्व. पण आठ तासांचा तो हक्क आपल्या घराच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबला आहे. उंबऱ्याच्या आत अजून पहाटे पाच ते रात्री अकरा अशी एकच लांब पाळी चालते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि फोटोखाली बाई एकटी भांडी घासते आहे, हे आपल्याला खटकायला हवे.

ओझे खाली कुणाकडे जाते?

एक गोष्ट आमच्यातल्याच घरातली सांगतो, कारण दुसऱ्यांना शिकवण्याआधी आपले सांगितले पाहिजे. आमच्यातली एक रात्रपाळी करून सकाळी आठला घरी आली. कुकर लावला आणि ओट्याला टेकून बसल्या जागी तिला झोप लागली. पाणी आटले, डाळ करपली, घरात धूर झाला. नऊ वर्षांच्या मुलीने स्टुलावर चढून गॅस बंद केला. नवरा घरातच होता, बाहेरच्या खोलीत. त्याला वास आला होता, पण स्वयंपाकघरात काय चालले आहे ते बघणे हे आपले काम आहे, असे त्याला वाटले नाही. तो वाईट माणूस नाही. दारू पीत नाही, हात उचलत नाही, पगार घरी आणतो. त्याला कुणी ते कधी शिकवलेच नव्हते.

त्या दिवसापासून मुलीने स्वतःहून कुकरवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. आम्ही सगळ्यांनी तिचे कौतुक केले, किती गुणाची पोर! तिचा भाऊ तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. त्याला कुणी काही म्हटले नाही. हे आमच्या लक्षात यायला फार उशीर झाला.

बंधूंनो, आई थकली की तिचे ओझे आपोआप बापाकडे जात नाही. ते खाली मुलीकडे जाते. टँकर आला की वर्गातून कोण उठते, धाकट्याला सांभाळायला शाळा कोण बुडवते, दहावीच्या वर्षात परीक्षेच्या आदल्या रात्री चपात्या कोण लाटते, हे आपापल्या घरात बघा. शिका म्हणून ज्या समाजाला सांगितले गेले, त्या समाजातली मुलगी वहीऐवजी हंडा उचलत असेल, तर तो घरगुती प्रश्न म्हणून सोडून देता येणार नाही.

अंग काय सांगते?

आता आरोग्याचे बोलू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात ५४ जणींचे रक्त कमी आहे. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. ७.४ म्हणजे तो गंभीर आहे. अशा अंगाने पाच घरे करायची, हंडे वाहायचे, म्हणजे अर्ध्या हवेच्या चाकाने सायकल चालवण्यासारखे आहे.

रक्त कमी का होते? आई सर्वांत शेवटी जेवते आणि भांड्यात उरेल ते जेवते. भाजी संपली तर चटणीवर भागवते. सकाळी उपाशीपोटी चहा घेऊन निघते. जेवणावर लगेच पुन्हा चहा घेते, आणि चहामुळे अन्नातले लोह अंगाला लागत नाही. पाळीत जास्त रक्त जाते, ते ती कुणाला सांगत नाही. त्यात झोप सहा तासांपेक्षा कमी. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागते. वर्षानुवर्षे ती कमी पडली, तर रक्तदाब आणि साखर यांचा धोका वाढतो, चिडचिड वाढते. मग मुलांवर हात उगारला जातो आणि रात्री त्याचेच रडू येते. कामाच्या घरी संडास वापरू देत नाहीत म्हणून कितीतरी जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीला जळजळ आणि ताप मागे लागतो.

विदर्भातल्या आपल्या घरांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्यात सिकलसेल आहे. कुणाचे रक्त सारखे कमी राहत असेल, हाडे-सांधे असह्य दुखत असतील, डोळे वारंवार पिवळे होत असतील, तर त्या बाईला किंवा मुलाला कामचुकार म्हणू नका. सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. सिकलसेल निघाला, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. इतरांना डॉक्टरांनी गोळी दिली असेल, तर ती लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. शौचास काळे होते, त्याला घाबरून गोळी बंद करू नका.

मौज ही चैन नव्हे

"ताई, पोटाचे आधी बघू की मजेचे?" असे आम्हाला विचारले जाते. आम्ही म्हणतो, दोन्हीचे. मूल आपल्या मनातले बाकावर बसवून विचारल्यावर सांगत नाही. ते सापशिडी खेळताना सांगते, भेंड्या लावताना सांगते, आईच्या मांडीवर डोके ठेवून ऊ बघून घेताना सांगते. शाळेत कोण जातीवरून बोलले, गल्लीत कोण नको तिथे हात लावतो, थोरल्याच्या खिशात कसली पुडी असते, हे सगळे त्या अर्ध्या तासात बाहेर येते. तो अर्धा तासच घरात नसेल, तर आपल्याला कळते तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

आज त्या अर्ध्या तासाची जागा मोबाईलने घेतली आहे. आई कामात, बाप थकलेला, मग मूल गप्प राहावे म्हणून हातात मोबाईल. आईला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, तिच्याजवळ दुसरा कोणता उपाय ठेवला आहे आपण? तरी जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे माहीत असू द्या. दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासाच्या वर दाखवू नये.

मौज म्हणजे खर्च, असेही काही नाही. पहिल्या वाढदिवसाला डीजे, मोठा केक, दोनशे पानांचे जेवण, आणि मग वर्षभर फायनान्सवाल्याचा दर आठवड्याचा हप्ता. तो हप्ता फेडायला आई आणखी एक घर धरते, म्हणजे ज्या लेकरासाठी हे केले, त्याच्याजवळ बसायचा वेळच त्या वाढदिवसाने खाल्ला. त्यापेक्षा घरातल्या घरात खीर करा आणि उरलेल्या पैशांचे एक गोष्टीचे पुस्तक आणा. नागपूरकरांना फुटाळा आहे, दीक्षाभूमी आहे. मुंबईकरांना दादरची चौपाटी आहे. औरंगाबादकरांना लेणी आहेत. डबा घरचा न्यावा, पण तो डबा एकट्या आईने पहाटे चारला उठून भरलेला नसावा. नाहीतर सहल सगळ्यांची आणि पाळी तिची, असे होते.

आम्हीही चुकलो

आता थोडे आमच्याविषयी. आम्ही महिला मंडळाच्या सभा रविवारी दुपारी चारला ठेवत आलो, कारण तेव्हा बाया मोकळ्या असतात असा आमचा समज होता. त्या मोकळ्या नसतात. आठवड्यातले तेवढेच दोन तास त्यांच्या लेकरांच्या वाट्याला आलेले असतात, आणि समाजकार्य म्हणून आम्ही ते घेत होतो. विहारात कार्यक्रम असला की मंचावर पुरुष भाषण करतात आणि मागे दोनशे माणसांचे भोजनदान बाया रांधतात. स्त्री-पुरुष समतेचे भाषण चालू असताना आम्ही मागे पोळ्या लाटल्या आहेत. शेवटच्या वाक्याला टाळ्या आम्हालाही ऐकू आल्या, तेव्हा आमचे हात पिठात होते.

म्हणून आमच्या मंडळाने आता ठरवले आहे. सभा महिन्यातून एकच, तासाभराची आणि लेकरांसकट. भोजनदानाचा स्वयंपाक तरुण मंडळ आणि महिला मंडळ आळीपाळीने करणार. पहिल्या वेळी पोरांनी भात कच्चा ठेवला. लोकांनी तो खाल्ला. कुणी आजारी पडले नाही.

घरात काय करता येईल?

पहिली गोष्ट, हिशोब मांडा. एक कागद घ्या, दोन रकाने करा. एका दिवसात बाई किती वाजता काय करते आणि पुरुष किती वाजता काय करतो, ते खरे खरे लिहा. पुरुषांचे कष्ट आम्ही नाकारत नाही. सेक्युरिटी गार्डची बारा तासांची ड्युटी, मिस्त्रीच्या हाताखालचे काम, उन्हातली ऑटो, हे सगळे आम्ही जाणतो. तेही त्यात लिहा. पण चौकातली, टपरीवरची, मोबाईलवरची वेळसुद्धा लिहा. बाईच्या रकान्यात तशी वेळ किती आहे, ते शेजारी ठेवून बघा. यावर भांडायचे नाही, फक्त कागद भिंतीला लावायचा.

दुसरी, मदत हा शब्द सोडा. "मी बायकोला मदत करतो" म्हणजे काम तिचेच, असा अर्थ होतो. वाटा म्हणा. पाणी भरणे, मुलांना आंघोळ घालून शाळेत सोडणे, रात्रीची भांडी, यांतली दोन कामे पुरुषाच्या नावावर कायमची लावा. ती तिने आठवण करून द्यायची नाहीत. मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की आपले ताट आपण घासेल, आपला डबा आपण धुवेल. बहिणीचे नव्हे, दोघांचे काम दोघांनी.

तिसरी, आईने सगळ्यांबरोबर जेवायला बसायचे. भांडे मध्ये ठेवा, ज्याने त्याने वाढून घ्यावे. कामाला निघण्यापूर्वी रात्रीची पोळी, गूळ-शेंगदाणे, काहीतरी पोटात घाला. चहा जेवणानंतर तासाभराने.

चौथी, काही कामे सोडून द्या. शाळेच्या गणवेशाखेरीज इस्त्री नको. फरशी रोज पुसली नाही तरी चालते, झाडली म्हणजे झाले. पाहुण्याला दोन भाज्या नकोत, एक पुरे. घर आरशासारखे लखलखले नाही म्हणून कुणी मरत नाही, पण झोपेअभावी माणूस खचते.

पाचवी, दिवसातला अर्धा तास घरातला मोबाईल डब्यात. तो अर्धा तास खेळायचा, बोलायचा, किंवा नुसते शेजारी पडून राहायचे.

आणि ज्या घरात वाटा घेणारा माणूसच नाही? नवरा वारला, सोडून गेला किंवा व्यसनात बुडाला, अशा आमच्या भगिनी थोड्या नाहीत. त्यांना वाटणीचा कागद दाखवणे ही चेष्टा होईल. तिथे गल्लीने पुढे यावे. चार घरांनी मिळून पाळी लावावी. आज माझ्याकडे चौघींची मुले, उद्या तुझ्याकडे. विहाराची खोली संध्याकाळी दोन तास मुलांच्या अभ्यासाला आणि खेळाला उघडी ठेवावी. आणि घरकामगार भगिनींनी एकत्र येऊन भरपगारी साप्ताहिक सुट्टी मागावी. एकटीने मागितली तर काम जाते, गल्लीने मागितली तर बोलणी होतात.

शेवटी एक सूचना. प्रत्येक थकवा कामाचा नसतो. जिना चढताना दम लागणे, पायावर सूज, पाळी सात दिवसांच्या वर चालणे, छातीत दुखणे, असे काही असेल तर थांबू नका. दोन आठवड्यांच्या वर कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तोही आजारच आहे आणि त्याला औषध आहे. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो.

त्या ७.४ वाल्या ताईंना आम्ही दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. त्यासाठी एका घरचे खाडे पडले, पैसे कापले गेले. त्यांचे मालक, म्हणजे घरधनी, ऑटो चालवतात. आम्ही त्यांना रिपोर्ट समजावून सांगितला. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि मग विचारले, "म्हणजे हे पाणी मी भरलं तर फरक पडन का?"

पडेल, भाऊ. रक्त वाढायला गोळ्या लागतील, महिने लागतील. पण पाणी उद्या सकाळपासून भरता येईल.

आईची सुट्टी कोणत्या वारी, हे सरकार ठरवणार नाही. ते आपल्याच घरात, याच आठवड्यात ठरवावे लागेल. कॅलेंडर काढा, एका वारावर खूण करा आणि त्या दिवशी चहा कोण करणार, ते आत्ताच ठरवा.

जयभीम. नमो बुद्धाय.